सातव्या गाण्यातली कासिल्दा

कासिल्दा एस्कालेराने आयुष्यात तीनच माणसांचं ऐकलं. पहिली तिची मावशी तोमासा, जिने तिला नाचायला शिकवलं. दुसरा गुडघ्यांचा डॉक्टर, आणि त्याचंही निम्मंच. तिसरं माणूस कोण, ते आमच्या लोइसा गावात अजून कुणाला सापडलेलं नाही.

वय एकाहत्तर. नारळ सोलणाऱ्या बापाच्या सहा पोरांत थोरली. शाळेच्या भटारखान्यात तिने एकोणतीस वर्षं भात आणि राजमा शिजवला, त्यामुळे निम्मं गाव तिच्या हातचं खाऊन वाढलंय. मागे एका हवालदाराने तिला भलत्याच ठिकाणी रस्ता ओलांडला म्हणून हटकलं. ही त्याला म्हणाली, "आधी शर्ट खोच. आणि तू गाजरं खिडकीतून फेकायचास ते मी विसरलेली नाही." हवालदाराने मुकाट शर्ट खोचला.

नवरा रुफिनो सुतार. माणूस सोन्यासारखा, पण नाचाच्या बाबतीत पक्का 'नाचता येईना अंगण वाकडे'. कधी त्याला वाळू तापलेली असायची, कधी बूट नवे असायचे, कधी ढोलवालाच प्यायलेला असायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. कासिल्दा त्याची आठवण निघाली की आधी हसते, मग डोळे पुसते आणि मग पुन्हा हसते.

आता नाचाचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाहेरच्या लोकांना वाटतं, बोम्बा म्हणजे ढोल वाजतो आणि बाई त्यावर नाचते. वाटू दे बापड्यांना. आमच्याकडे सगळं उलटं असतं. मोठा ढोल ताल धरून बसतो, त्याला दुसरं काम नाही. धाकट्या ढोलावर शेळीचं कातडं असतं, आणि तो बोलतो. पण बोलतो तो स्वतःच्या मनाने नाही. बाई त्याच्यासमोर येते, वाकून त्याला मान देते, आणि मग ती जे करेल ते त्याने बोलून दाखवायचं. तिने खांदा उडवला की थाप पडली पाहिजे, टाच आपटली की थाप पडली पाहिजे. तिने नुसती भुवई चढवली तरी ढोलवाल्याला ती दिसली पाहिजे. चुकला तर अख्खं गाव फिदीफिदी हसतं आणि पुढचे आठ दिवस त्याला बाजारातून जाता येत नाही.

कासिल्दाचा धाकटा ढोल म्हणजे तिचा धाकटा भाऊ एवारिस्तो. घरात त्याला वारो म्हणतात. तो पाच वर्षांचा होता तेव्हा ही पाण्याला निघाली की तो चरबीचा रिकामा डबा घेऊन मागे निघायचा आणि हिच्या प्रत्येक पावलाला डबा बडवायचा. ही मुद्दाम ठेच लागल्यासारखं करायची, पण पोरगं ती ठेचसुद्धा सोडायचं नाही. आता तो अडुसष्टचा आहे. पोट सुटलंय, डोक्यावर गवती टोपी असते, आणि त्याच्या हातांची कीर्ती बेटाच्या पार पलीकडच्या टोकाला गेलीय.

त्याच्या हातांची गेली, हिच्या पायांची गेली नाही. खरं दुखणं तेच.

अडतीस वर्षांपूर्वी गावातल्या मंडळींनी एक रेकॉर्ड काढली होती. पाकिटावर फोटो होता नाचाचा. त्यात मधोमध कासिल्दाचा घागरा, चांगला हातभर पसरलेला, आणि तिचं तोंड हनुवटीपाशी कापलेलं. मागे नावं होती. ढोलवाले, गाणारे, खुळखुळेवाला, इतकंच काय, गाडी चालवणाऱ्या चागोचंसुद्धा नाव होतं. कासिल्दाचं नव्हतं. ती यादी एवारिस्तोने फोनवर सांगितली होती. तिने विचारलं तेव्हा हा शहाणा म्हणाला, "ताई, रेकॉर्डवर नाच ऐकू येतो का?"

कासिल्दा त्या दिवशी आत गेली आणि मासे तळत बसली. पण तेव्हापासून तिने त्या वाक्याची परतफेड चालवलीय. जुलैत गावच्या संत सांतियागोच्या उत्सवाला सगळं घर जमतं, एवारिस्तो ताट पुढे करून म्हणतो, "ताई, भूक लागली." आणि ही डाव वर धरून विचारते, "रेकॉर्डवर भूक ऐकू येते का?" पोरं हसतात. एवारिस्तोही हसतो. कासिल्दा मात्र हसत नाही.

तर झालं असं, की गेल्या जानेवारीत यारेचा निरोप आला. यारे म्हणजे गाणारी यारे, नदीपलीकडच्या कारोलिनात जन्मलेली, मायामीत मोठी झालेली. तिची प्रेमाची गाणी आमच्याकडे केस कापायच्या दुकानांत दिवसभर चालू असतात. आता तिला वाटलं, पुरे झालं ते गुळगुळीत, आता पॉपच्या गाण्यांना आपल्या किनाऱ्याचं पाणी पाजू. अल्बमचं नाव ठरलं 'किनाऱ्याची लेक'. त्यात शेजारच्या बेटावरची, खरवडून वाजवायची पत्र्याची किसणी, जमैकाकडचा जड ताल, आपल्या गल्लीतले डफ, असं सगळं येणार होतं. सातव्या गाण्यात बोम्बा होता, आणि त्यासाठी एवारिस्तो एस्कालेरा.

"फक्त मलाच बोलावलंय," एवारिस्तो म्हणाला. म्हणताना तो टोपी फिरवत होता, म्हणजे त्यालाही थोडं लागत होतं.

"मग जा की. बूट पुसून जा," कासिल्दा म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो बुधवारी सांतुर्सेला स्टुडिओत गेला. संध्याकाळी त्याची मुलगी नेरेइदा, जी त्याला गाडीने घेऊन गेली होती, थेट आत्याच्या स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीत कोसळली. तिला हसू आवरत नव्हतं.

"आत्या, बाबांनी आज दिवे लावले."

"काय केलं त्याने?"

"तुला माहितीये ना, बाबांना समोर कुणीतरी हलणारं लागतं. तिथे समोर फक्त काच. काचेपलीकडे तो रेकॉर्डिंगवाला, गादिएल, केसांचा बुचडा बांधलेला. यांच्या कानात ताल सोडला आणि म्हणाले, वाजवा. बाबा बसले त्या गादिएलकडे बघत."

"अरे देवा," कासिल्दा म्हणाली. तिला पुढचं आधीच कळलं होतं.

"त्याने कॉफीचा कप उचलला, यांनी थाप मारली. त्याने पाठ खाजवली, यांनी चांगलं लांबलचक वाजवलं. त्याला शिंक आली तर आत्या, असा कडकडाट केला की यारेच्या हातातला पाव पडला. मग कुणीतरी गादिएलला सांगितलं, अरे, तू हलू नकोस. तो बिचारा पुतळ्यासारखा बसला. तर बाबांचा ढोलच बंद! म्हणतात कसे, 'बाई उभी राहिली, मी काय वाजवू?'"

कासिल्दा ओट्याला धरून हसली. पोटात दुखेपर्यंत हसली. मग नेरेइदा म्हणाली, "हसू नकोस. शुक्रवारी शेवटची संधी आहे. नाही जमलं तर ते ढोल कॉम्प्युटरवर करणार आहेत," आणि कासिल्दाचं हसू तिथल्या तिथे विरलं.

गुरुवारी सकाळी एवारिस्तो दारात हजर. हातात दोरीने बांधलेले डझनभर खेकडे, आठ दिवस मका खाऊ घालून पोसलेले. असले खेकडे तो स्वतःच्या बायकोलाही सहज देत नाही.

"सहज आलो होतो," तो म्हणाला.

"हो का? बस."

तो बसला. समुद्राबद्दल बोलला. पालिकेला शिव्या दिल्या. डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणतो ते विचारलं. कासिल्दा खेकडे मोजल्यासारखं करत ऐकत राहिली. अर्ध्या तासाने तिने हात पुसले.

"वारो, ताकाला जाऊन भांडं लपवायचं तुझं वय राहिलं नाही. बोल."

एवारिस्तोने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला नाही येत ताई एकट्याला," तो म्हणाला. "मला वाटायचं येतं."

आता खरं सांगायचं तर कासिल्दा या वाक्याची अडतीस वर्षं वाट बघत होती. ते आलं तेव्हा तिला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही. धाकटा भाऊ टोपी काढून बसलेला तिला बघवेना.

"येते मी," ती म्हणाली. "पण नाव हवं. माझं नाव, अल्बमवर, छापलेलं. बाकी मला काही नको."

"ती मोठी कंपनी आहे ताई. ते माझ्या हातात नाही."

"मागच्या वेळी तुझ्याच हातात होतं," ती म्हणाली, आणि खेकडे पातेल्यात टाकायला आत गेली.

शुक्रवारी कासिल्दा पांढरा घागरा, त्याखाली खळ घातलेला परकर, कानांत लोलक आणि वर लोकरीचा स्वेटर घालून स्टुडिओत पोहोचली. स्वेटरबद्दल तिचं बरोबर होतं. तिथे इतकी थंडी होती की मासळी आठवडाभर टिकली असती.

यारे स्वतः पुढे आली. पायांत सपाता, डोळ्यांखाली जागरण, पण पोरगी नम्र, मोठ्या बाईला मानाने 'डोन्या' म्हणणारी. "डोन्या कासिल्दा, माझी आजी तुमच्या नाचाबद्दल सांगायची," ती म्हणाली.

"काय सांगायची?"

"की तुम्ही तीन ढोलवाल्यांना रडवलंय."

"चार," कासिल्दा म्हणाली, आणि पोरगी तिला आवडली.

पहिल्या खेपेला परकराने घोटाळा केला. खळ घातलेलं कापड, ते बोलणारच. गादिएल काचेमागून हात जोडून म्हणाला, सळसळ फार येतेय. कासिल्दाने आत जाऊन घागरा आणि परकर काढला, लोलक काढले, बांगडी काढली, आणि नेरेइदाच्या पिशवीतली मऊ विजार घालून आली. हातात धरायला काहीतरी हवं म्हणून सोफ्यावरची जुनी चादर कमरेला गुंडाळली. तो अवतार बघून एवारिस्तोचे ओठ हलले.

"हसलास तर घरी जाईन," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला एवारिस्तोनेच घाण केली. सुरेख चाललं होतं, कासिल्दाने मानेला एक झटका दिला, आणि गडी रंगात येऊन मोठ्याने "वा गं माझी बाई!" म्हणून मोकळा झाला. साठ वर्षांची सवय, माणूस काय करणार?

तिसऱ्या खेपेला दोघंही ओठ मिटून उभे राहिले. म्हणजे ती उभी राहिली, तो ढोलावर बसला. कानात मोठ्या ढोलाचा ताल सुरू झाला. कासिल्दा अनवाणी पुढे आली, वाकली, ढोलाला मान दिला. मग चादरीचा कोपरा उचलला. आधी दोन छोट्या, सोप्या चाली टाकल्या, आणि ढोलाने आज्ञाधारकपणे उत्तर दिलं. मग तिने त्याला फसवायला खांदा उचलला आणि अर्ध्यात सोडला. त्याचा हातही अर्ध्यात थांबला. ठेच लागल्यासारखं करणारी ती पोरगी आणि डबा बडवणारं ते पोरगं, मध्ये जणू काही वर्षं गेलीच नव्हती. काचेपलीकडे गादिएल हलायचं विसरला होता. यावेळी कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

आणि शेवटाकडे डावा गुडघा गेला.

पडली नाही, पण गेलीच होती. शरीर एका बाजूला कललं, हात हवेत गेला. एवारिस्तोला ते दिसलं. त्याचा हात वरच्या वर थांबला आणि ढोल गप्प झाला, पुरता एक श्वासभर. मग कासिल्दाने खांद्याने तोल पकडला, आणि ढोलाने खालच्या सुरात एकच थाप दिली, अगदी अलगद, कुणाला उठताना हात द्यावा तशी. मग ती सरळ झाली आणि ढोल तिच्यासोबत धावत सुटला.

संपलं. यारे म्हणाली, "तो थांबलेला भाग कुणी कापलात तर मी गाणार नाही."

मग यादीची वेळ आली. गादिएलने कॉम्प्युटरवर कंपनीचा अर्ज उघडला. कासिल्दाने नाव सांगितलं, दोनदा अक्षरं सांगून नीट घालून घेतलं.

"वाद्य?" गादिएलने विचारलं.

"नाच."

"ते यादीत नाही, डोन्या. वाद्य भरलं नाही तर हे नावच घेत नाही." तो बिचारा खरंच शोधत होता. "टाळ्या आहेत. टाळ्या लिहू का?"

"मी टाळ्या वाजवल्या?"

"नाही, पण नाव तर लागेल."

कासिल्दाने एकदा त्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. अडतीस वर्षांनी नाव एवढ्या जवळ आलं होतं, नुसतं हो म्हणायचं होतं. "ज्या टाळ्या मी वाजवल्या नाहीत त्या माझ्या नावावर नकोत," ती म्हणाली आणि लोलक घालायला निघून गेली. एवारिस्तो त्या रिकाम्या चौकटीकडे बघत तिथेच उभा राहिला.

परतीच्या वाटेवर पिन्योनेसपाशी खाऱ्या माशाच्या धिरड्यांचा वास गाडीत शिरला. एवारिस्तो मागच्या सीटकडे वळून म्हणाला, "ताई, भूक लागली." तो टोमण्याची वाट बघत होता. कासिल्दा खिडकीबाहेर बघत राहिली. टोमणा आलाच नाही. नेरेइदा सांगते, त्यानंतर घर येईपर्यंत बाबा टोपी फिरवत बसले होते.

पुढे उत्सव आला. कासिल्दाने सगळ्यांना जेवायला वाढलं, एवारिस्तोलाही वाढलं, काही न विचारता. त्याला तो भात गेला नाही.

सप्टेंबरात अल्बम आला. हल्ली पुन्हा मोठ्या काळ्या तबकड्यांची फॅशन आहे, यारेने तशी एक पाठवली. पार्सल एवारिस्तोच्या पत्त्यावर आलं होतं, पण त्याने ते उघडलं नाही. रविवारी दुपारी कासिल्दाच्या ओसरीवर सगळे जमले तेव्हा त्याने ते दोरीसकट तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः कोपऱ्यात खेकडे फोडायला बसला, मान खाली घालून.

आधी गाणी लावली. सहा गाणी शेजाऱ्यांनी बडबडीत घालवली. सातवं लागलं तशी ओसरी गप्प झाली. कासिल्दा डोळे मिटून ऐकत होती आणि तिचं अंग बसल्या जागी सांगत होतं: हा माझा खांदा, ही टाच, ही मान. मग ढोल थांबला. एक श्वासभर काहीच नाही. मग ती एकच, अलगद थाप.

"हा माझा गुडघा," कासिल्दा म्हणाली. "अगं बाई, ऐकू येतोय की!"

कोपऱ्यात खेकडा फुटल्याचा आवाज झाला.

मग तिने चष्मा लावला आणि पाकीट उलटं केलं. बारीक अक्षरं, लांबलचक यादी. तिने बोट खालून वर न्यायला सुरुवात केली, कारण आपलं नाव असलंच तर तळाशी असणार असं तिने धरलं होतं. आभार मानलेल्यांत नव्हतं. स्टुडिओत कॉफी आणणाऱ्याचं नाव होतं. गाडी चालवणाऱ्याचंही होतं. तिचं बोट जरा थांबलं.

"आत्या, सातवं गाणं बघ ना," नेरेइदा म्हणाली.

सातव्या गाण्याखाली छापलं होतं:

ढोल: कासिल्दा एस्कालेरा.
हात: एवारिस्तो एस्कालेरा.

कासिल्दाने ते एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग नेरेइदाला मोठ्याने वाचायला लावलं, म्हणजे डोळ्यांचा दोष नाही याची खात्री व्हावी.

"कंपनी म्हणत होती, हात हे वाद्य नाही, आणि हे असं लिहिता येत नाही," नेरेइदा सांगू लागली. "बाबांनी चौदा वेळा फोन केला. शेवटी म्हणाले, असं लिहिता येत नसेल तर माझं नाव काढून टाका, मलाही नको. मग यारे स्वतः कंपनीत जाऊन भांडली."

"तू कशाला सांगतेस," एवारिस्तो कोपऱ्यातून पुटपुटला.

कासिल्दाला रडू आलं. ती चांगली रडली, सगळ्यांसमोर, तोंड न लपवता, आणि शेजारणीने दिलेला रुमाल तिने परतही केला नाही. मग ती उठली, गुडघ्याला एक शिवी दिली, आणि आत गेली.

एवारिस्तोने हात धुतले, टोपी सारखी केली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "भूक लागली."

कासिल्दाने ताट घेतलं. भात घातला, त्यावर खेकड्याचा रस्सा घातला, मग आणखी एक डाव घातला आणि वर सगळ्यात मोठी नांगी ठेवली.

"ऐकू आली," ती म्हणाली, आणि ताट त्याच्या हातात दिलं.